मॉर्मन प्रवचनांची परंपरा: आयत्या वेळी बोलण्यापासून लिखित भाषणापर्यंत

मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, फेयेट या गावी, जोसेफ स्मिथ यांनी या चर्चची स्थापना केली. या पंथाचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या माणसाला लवकर लक्षात येत नाही. स्थानिक पातळीवर या चर्चमध्ये पगारी, प्रशिक्षित धर्मोपदेशक नसतो. रविवारच्या उपासनेत बोलायला उभा राहणारा माणूस शेतकरी असू शकतो, परिचारिका असू शकते किंवा शाळेत शिकणारा मुलगाही असू शकतो. बोलण्याची ही जबाबदारी सर्वांवर टाकणाऱ्या समाजात वक्तृत्व कसे घडले, कोणाचे शब्द टिकले आणि कोणाचे विरून गेले, हे समजून घ्यायचे असेल तर वक्त्याइतकेच लक्ष त्याच्यासमोर लेखणी घेऊन बसलेल्या माणसाकडे द्यावे लागते. मॉर्मन प्रवचनांचा इतिहास बोलणाऱ्यांनी घडवला त्याइतकाच तो टिपून घेणाऱ्यांनीही घडवला, असे मला वाटते.

स्मिथ ज्या परिसरात वाढले तो न्यूयॉर्कचा पश्चिम भाग त्या काळी धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटांनी ढवळून निघाला होता. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन प्रचारक एकमेकांशी चढाओढ करीत, आणि मोकळ्या माळावर तंबू ठोकून दिवसेंदिवस सभा चालत. मेथडिस्ट सभांमध्ये मुख्य प्रवचनानंतर एखादा सामान्य अनुयायी उठून श्रोत्यांना कळकळीने आवाहन करी. तरुण जोसेफ अशा संध्याकाळच्या सभांमध्ये बऱ्यापैकी आवाहन करीत असत आणि गावातल्या वादविवाद मंडळातही जात असत, अशी आठवण त्या भागातील एका मुद्रकाने पुढे लिहून ठेवली. म्हणजे पदवी नसलेल्या, पण आतून पेटलेल्या माणसाने बोलावे आणि लोकांनी ते ऐकावे, ही प्रथा या पंथाच्या जन्माआधीच त्याच्या अंगणात होती.

नव्या चर्चने तिला धर्माज्ञेचे बळ दिले. सप्टेंबर १८३२ मध्ये ओहायोतील कर्टलंड येथे स्मिथ यांनी जो साक्षात्कार लिहवून घेतला, त्यात प्रचारकांना असे सांगितले आहे की काय बोलायचे याचा आधी विचार करू नका; जीवनदायी वचने मनात सतत साठवत राहा, म्हणजे ज्या क्षणी जे हवे ते त्या क्षणी तुम्हाला दिले जाईल. या आज्ञेचा पहिला भाग फार गाजला आणि दुसऱ्या भागाकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. तयारी करू नका, असे येथे म्हटलेले नाही. तयारी एका भाषणासाठी करायची नसून आयुष्यभर चालू ठेवायची आहे, आणि तिच्यातून काय बाहेर काढायचे हे मात्र पवित्र आत्म्यावर सोपवायचे आहे, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास, १८३३ च्या आरंभी, कर्टलंडमध्ये 'स्कूल ऑफ द प्रॉफेट्स' नावाची प्रौढांची शाळा सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे हा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

तरीही वक्तृत्वाची देणगी सर्वांना सारखी मिळत नाही, याची जाणीव आरंभीच्या नेत्यांना होती. ऑक्टोबर १८३३ मधील एका साक्षात्कारात सिडनी रिग्डन यांना स्मिथ यांचे प्रवक्ते म्हणून नेमण्यात आले. रिग्डन हे आधी बॅप्टिस्ट आणि नंतर एका सुधारणावादी गटाचे नामांकित प्रचारक होते; १८३० च्या अखेरीस ते मॉर्मन झाले. आरंभीच्या काळात त्यांच्या तोडीचा वक्ता पंथात नव्हता. याच गुणाने पुढे मोठे संकट ओढवून आणण्यास हातभार लावला. ४ जुलै १८३८ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मिसुरीतील फार वेस्ट येथे रिग्डन यांनी भाषण केले आणि जमाव पुन्हा आमच्यावर चालून आला तर ते युद्ध समूळ उच्छेदाचे होईल, असे बजावले. वस्तीत बोललेले हे शब्द छापून पुस्तिकेच्या रूपाने बाहेर गेले आणि शेजाऱ्यांच्या हाती पुरावा म्हणून पडले. जमीन, मते आणि गुलामगिरीविषयीचा संशय या कारणांनी तणाव आधीच वाढला होता. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी काढलेल्या आदेशात मॉर्मनांचा उच्छेद करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे, असे म्हटले होते. रिग्डन यांनी वापरलेला शब्द आता सरकारी आदेशात आला होता.

मिसुरीतून हाकलले गेलेले लोक इलिनॉयमधील नॉव्हू येथे वसले. तेथे ७ एप्रिल १८४४ रोजी, चर्चच्या महासभेत, म्हणजे साऱ्या चर्चच्या अधिवेशनात, स्मिथ यांनी त्यांचे सर्वांत प्रसिद्ध प्रवचन दिले. किंग फोलेट नावाचा एक अनुयायी विहिरीत काम करताना, दगडांनी भरलेली बादली अंगावर पडून मरण पावला होता. त्याचे निमित्त साधून स्मिथ दोन तासांहून अधिक काळ बोलले. ईश्वर स्वतः एकेकाळी मनुष्यासारखा होता आणि मनुष्यही वाढत वाढत ईश्वरत्वापर्यंत पोहोचू शकतो, हा मॉर्मन धर्मविचारातला धीट सिद्धांत त्यांनी त्या दिवशी उघडपणे मांडला. अखेरीस त्यांनी श्रोत्यांना सांगितले की माझे अंतःकरण तुम्हाला कधी कळले नाही आणि माझा इतिहास कोणालाच ठाऊक नाही.

या प्रवचनाचा मजकूर आपल्यापर्यंत कसा आला, ते पाहण्यासारखे आहे. स्मिथ यांच्याकडे लिखित संहिता नव्हती. टॉमस बुलक, विल्यम क्लेटन, विलर्ड रिचर्ड्स आणि विलफर्ड वुडरफ या चौघांनी टिपणे घेतली, पण ती साध्या हस्ताक्षरात. लघुलेखन न वापरता वेगाने बोलणाऱ्याचे प्रत्येक वाक्य पकडणे कोणालाच शक्य नसते. एकाने जे टिपले ते दुसऱ्याकडून सुटले. ऑगस्ट १८४४ मध्ये चर्चच्या नियतकालिकात जो मजकूर छापला गेला तो बुलक आणि क्लेटन यांची टिपणे एकत्र करून तयार केलेला होता. पुढे आणखी जुळवणी झाल्या. म्हणजे ज्याच्यावर इतकी चर्चा झाली ते भाषण जसेच्या तसे कोणाकडेच नाही. अनेकांच्या तुटक नोंदींवरून ते पुन्हा उभे केले गेले आहे. चर्चने त्याला धर्मग्रंथाचा दर्जाही कधी दिला नाही.

स्मिथ यांच्या आणखी काही भाषणांबाबत आपण एका स्त्रीचे ऋणी आहोत. १७ मार्च १८४२ रोजी नॉव्हूमध्ये 'रिलीफ सोसायटी' ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. जोसेफ यांच्या पत्नी एमा स्मिथ तिच्या अध्यक्ष आणि कवयित्री एलायझा स्नो सचिव होत्या. स्मिथ यांनी या सभांमध्ये जे सांगितले ते स्नो यांच्या इतिवृत्तामुळे टिकले. जुलै १८३० मध्येच एमा यांना उद्देशून दिलेल्या साक्षात्कारात, त्यांनी शास्त्राचे विवरण करावे आणि मंडळीला उपदेश करावा, असे म्हटले होते. तेव्हा स्त्रियांनी बोलण्याला आधार पहिल्या वर्षापासून होता. तो प्रत्यक्षात किती वापरू दिला गेला, ही गोष्ट काळानुसार फार बदलली.

२७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली. वारस कोण, हा प्रश्न ८ ऑगस्टच्या सभेत सुटला. रिग्डन सकाळी सुमारे दीड तास बोलले. वारा जोराचा असल्याने त्यांनी एका गाडीवर उभे राहून आपला हक्क मांडला. दुपारी ब्रिगम यंग बोलले आणि बारा प्रेषितांच्या म्हणजे चर्चच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाने धुरा घ्यावी, या बाजूने कौल मिळाला. त्या दिवशी यंग यांच्यात जोसेफचाच आवाज ऐकू आला, त्यांचीच आकृती दिसली, असे शंभराहून अधिक लोकांच्या आठवणींत येते. या आठवणी बहुतांश नंतरच्या आहेत. त्याच दिवसांतल्या नोंदींत असे वर्णन स्पष्टपणे सापडत नाही. श्रद्धाळूंना हा चमत्कार वाटतो, तर काही इतिहासकारांना सामूहिक स्मृती कशी आकार घेते याचे ते उदाहरण वाटते. माझ्या मते तितकीच महत्त्वाची बाब ही की पंथातला सर्वांत कसलेला वक्ता त्या दिवशी हरला. हाकलल्या जाण्याच्या बेतात असलेल्या समाजाला अलंकारापेक्षा व्यवस्थेची भाषा जवळची वाटली असावी.

यंग यांना औपचारिक शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. आपण अकरा दिवस शाळेत गेलो, असे ते सांगत. सुतारकाम आणि रंगकाम हा त्यांचा धंदा होता. आपण या पंथाकडे कसे वळलो हे सांगताना ते म्हणत की वाक्चातुर्य नसलेला एक माणूस उभा राहिला आणि 'हे खरे आहे हे मी जाणतो' एवढेच म्हणाला, तेव्हा सगळ्या पंडिती युक्तिवादांपेक्षा त्याचा परिणाम आपल्यावर अधिक झाला. नॉव्हू सोडून समाज पश्चिमेकडे गेल्यावर यूटाच्या वाळवंटी प्रदेशात तीस वर्षे नेतृत्व करताना त्यांनी पाट, पिके, पोशाख, व्यापार आणि मोक्ष या सर्वांवर त्याच व्यासपीठावरून आणि त्याच रोखठोक शैलीत भाषणे केली. धर्म आणि व्यवहार वेगळे न मानणाऱ्या समाजाला ते साजेसेच होते.

येथे या कथेत जॉर्ज वॉट यांचा प्रवेश होतो. ३० जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे रिबल नदीत बाप्तिस्मा घेणारे ते ब्रिटनमधील पहिले मॉर्मन. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखन पद्धती प्रसिद्ध केली होती. वॉट ती शिकले, अमेरिकेत गेले आणि सॉल्ट लेक सिटीत यंग व इतर नेत्यांची भाषणे टिपू लागले. त्यांच्या नोंदींच्या आधारे १८५४ पासून लिव्हरपूलमध्ये 'जर्नल ऑफ डिस्कोर्सेस' छापले जाऊ लागले आणि १८८६ पर्यंत त्याचे २६ खंड निघाले. यूटाच्या उघड्या मांडवात बोललेले भाषण काही महिन्यांत ब्रिटनमधील अनुयायांच्या घरी पोहोचू लागले.

मात्र छापलेला मजकूर आणि तोंडून निघालेले शब्द एकच नव्हते. चर्चच्या इतिहास विभागातील लघुलिपीतज्ज्ञ लजीन कॅरुथ यांनी वॉट यांच्या मूळ लघुलिपीतील नोंदी वाचून छापील मजकुराशी ताडून पाहिल्या, तेव्हा शब्द बदललेले, वाक्ये गाळलेली आणि काही ठिकाणी भर घातलेली आढळली. यंग यांना हे अंतर ठाऊक होते. मी तपासून दुरुस्त केलेले प्रवचन धर्मग्रंथाइतकेच योग्य मानायला हरकत नाही, अशा आशयाचे विधान त्यांनी १८७० मध्ये केले होते. त्यातील दुरुस्तीची अट मला फार महत्त्वाची वाटते. आयत्या वेळी मिळणाऱ्या प्रेरणेवर विश्वास असलेला नेताही छपाईपूर्वी मजकूर नजरेखालून घालू इच्छित होता.

जे छापले गेले नाही त्याचेही मोल मोठे आहे. १८५२ च्या आरंभी यूटाच्या विधिमंडळात गुलामगिरीविषयीच्या विधेयकावर चर्चा झाली. बारा प्रेषितांपैकी एक असलेल्या ऑर्सन प्रॅट यांनी विधेयकाला विरोध केला. ५ फेब्रुवारीला यंग यांनी कृष्णवर्णीयांना पौरोहित्य, म्हणजे सामान्य पुरुष सदस्यांनाही मिळणारा धार्मिक विधी करण्याचा अधिकार, देता येणार नाही, असे ठामपणे मांडले. ही भाषणे वॉट यांच्या लघुलिपीत पडून होती आणि त्यांचे वाचन अलीकडच्या काळात झाले. पौरोहित्याची ती बंदी जून १९७८ पर्यंत टिकली. त्याच सभागृहात तिच्यामागील विचाराला विरोध करणारा आवाज होता, हे लघुलिपी उलगडल्यामुळे नीट कळले.

भाषणाची धग किती दूर जाऊ शकते याची जाणीव १८५६-५७ च्या धर्मसुधार मोहिमेतही होते. यंग यांचे सल्लागार जेडेडाया ग्रँट आणि इतरांनी पापांवर भडक शब्दांत हल्ला चढवला. रक्त सांडल्याशिवाय फिटणार नाहीत अशा पापांची भाषा व्यासपीठावरून झाली. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण यूटातील माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सशस्त्र दलाने सुमारे १२० स्थलांतरितांची कत्तल केली. त्या हत्याकांडाच्या कारणांची चर्चा करताना, अमेरिकी फौज येत असल्याच्या भीतीबरोबरच, या तापलेल्या वक्तृत्वाचाही इतिहासकार विचार करतात.

आयत्या वेळी बोलायला लावण्याची प्रथा किती खोल होती, हे २९ ऑगस्ट १८५२ च्या सभेवरून समजते. बहुपत्नीत्व हा चर्चचा आचार आहे, हे जगासमोर प्रथमच जाहीर करण्याचे काम ऑर्सन प्रॅट यांच्यावर आले. बोलण्याची आणि त्यातही या विषयावर बोलण्याची सूचना आपल्याला अनपेक्षित होती, असे त्यांनी आरंभीच सांगितले आणि मग दीर्घ, तर्कबद्ध विवेचन केले. अठरा वर्षांनी, ऑगस्ट १८७० मध्ये, तेच प्रॅट सॉल्ट लेकमध्ये अमेरिकी सिनेटचे धर्मगुरू जॉन न्यूमन यांच्याशी 'बायबल बहुपत्नीत्वाला मान्यता देते काय' या विषयावर तीन दिवस जाहीर वाद घालत होते.

१८५२ च्या त्याच अधिवेशनात दूरदूरच्या देशांसाठी प्रचारक नेमले गेले आणि त्यांत हिंदुस्थानसाठीही नेमणुका झाल्या. त्याच वर्षी ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक ब्रिटनहून मुंबईत आले आणि पुढे पुण्यात गेले. त्यांचे श्रोते मुख्यतः ब्रिटिश सैनिक आणि युरोपीय रहिवासी होते. वृत्तपत्रे आणि इतर पंथांचे पाद्री विरोधात उभे राहिले आणि छावणीत प्रचार करण्यात अडथळे आले. फिंडले यांनी पुण्यात एक लहानशी मंडळी उभी केली, पण हा प्रयत्न काही वर्षांतच थांबला. इंग्लंडच्या कारखानी गावांत चौकात उभे राहून बोलण्याने हजारो लोक मिळाले होते. येथे मात्र ज्यांची भाषा येत होती ते थोडे होते आणि लष्करी शिस्तीत होते.

सॉल्ट लेकमध्ये फांद्यांनी शाकारलेल्या मांडवातून सभा हळूहळू इमारतींत गेल्या. ऑक्टोबर १८६७ मध्ये नव्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभागृहात, पहिली महासभा भरली. सुमारे २५० फूट लांब आणि १५० फूट रुंद अशी ही वास्तू मध्ये एकही खांब नसलेल्या कमानदार छताची आहे. पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रो यांनी लाकडी जाळीच्या कमानी उभारल्या. सुरुवातीला आवाज घुमत असे. १८७० मध्ये सज्जे बसवल्यावर ऐकू येणे बरेच सुधारले. ध्वनिवर्धकाआधीच्या युगात वक्त्याचे यश घशाइतकेच छतावरही अवलंबून होते.

त्याच वर्षी, १३ जानेवारी १८७० रोजी, जुन्या टॅबरनॅकलमध्ये सुमारे पाच हजार स्त्रिया जमल्या आणि बहुपत्नीत्वाविरोधी विधेयकाचा त्यांनी निषेध केला. व्यासपीठावर स्त्रियाच बोलल्या. मॉर्मन स्त्री ही मुकी, दडपलेली असते असे मानणाऱ्या वृत्तपत्रांना या सभेने चकित केले. त्यांनी ज्या प्रथेचे समर्थन केले ती आज चर्चलाही मान्य नाही, पण त्यांच्या बोलण्यातील आत्मविश्वास खरा होता आणि तो रिलीफ सोसायटीच्या सभांमध्ये कमावलेला होता. पुढच्याच महिन्यात यूटातील स्त्रियांना मताधिकार मिळाला. १८८७ च्या संघीय कायद्याने तो काढून घेतला. महासभेच्या व्यासपीठावर मात्र त्यांची वाट अरुंदच राहिली. ऑक्टोबर १८४५ मध्ये जोसेफची आई ल्यूसी मॅक स्मिथ महासभेत बोलल्या होत्या, तर महासभेच्या सर्वसाधारण सत्रात स्त्रीने प्रथमच प्रार्थना म्हटली ती एप्रिल २०१३ मध्ये.

व्यासपीठ नाकारले जाण्याचा अनुभव साऱ्या पंथालाही आला. १८९३ मध्ये शिकागोत सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे ती आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. मॉर्मनांचे प्रतिनिधी बी. एच. रॉबर्ट्स हे लहानपणी इंग्लंडहून आलेले आणि उशिरा वाचायला शिकलेले, पण पुढे पंथातील अग्रगण्य वक्ते ठरलेले गृहस्थ होते. त्यांना मुख्य सभागृहाऐवजी बाजूचे लहान दालन देऊ करण्यात आले. रॉबर्ट्स यांनी ते नाकारले आणि जाहीर निषेध नोंदवला. सर्व धर्मांना समान स्थान देण्याची घोषणा करणाऱ्या परिषदेने अमेरिकेतच जन्मलेल्या एका पंथाला मुख्य व्यासपीठ दिले नाही, ही गोष्ट त्या परिषदेच्या गौरवगाथेत सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली जायला हवी.

विसाव्या शतकात घड्याळ आणि तंत्रज्ञान व्यासपीठावर आले. चर्चचे अध्यक्ष हीबर ग्रँट ६ मे १९२२ रोजी रेडिओवरून बोलले आणि १९२४ पासून महासभा रेडिओवर जाऊ लागली. १९४९ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. पूर्वी नेत्याला आयत्या वेळी नाव पुकारून बोलावले जाई आणि तो वाटेल तितका वेळ बोले. जे. गोल्डन किंबॉल यांच्यासारखा, गुराख्यांच्या भाषेत बोलणारा आणि लोकांना मनापासून आवडणारा वक्ता त्याच मोकळीकीत शोभून दिसला. प्रक्षेपणाला मिनिटे मोजून हवी होती आणि त्यानंतर अनुवादाला संहिता आधी हवी झाली. आज महासभेचे अनुवाद शंभराच्या आसपास भाषांत होतात, त्यामुळे प्रत्येक भाषण आधी लिहिलेले आणि तपासलेले असते, आणि वक्ता ते समोरच्या पडद्यावरून वाचतो. ऑक्टोबर १९८४ च्या महासभेत चर्चचे एक वरिष्ठ नेते रोनाल्ड पोलमन यांचे भाषण प्रत्यक्ष झाल्यानंतर बदलण्यात आले आणि बदललेल्या मजकुरासह त्यांच्याकडून पुन्हा चित्रित करून घेण्यात आले. चर्च ही संस्था आणि शुभवर्तमान यांत त्यांनी केलेला भेद नव्या मजकुरात सौम्य झाला होता. वॉट यांच्या काळात दुरुस्ती छापखान्यापर्यंतच पोहोचत असे. आता ती बोलणाऱ्याच्या चित्रापर्यंत पोहोचली होती.

१८३२ च्या आज्ञेचे काय झाले, असे कोणी विचारले तर तिचा शोध स्थानिक मंडळीत घ्यावा लागतो. दर रविवारी दोन-तीन सदस्यांना नेमून दिलेल्या विषयावर बोलावे लागते. मुलांना लहानपणापासूनच छोटी भाषणे करायची सवय लावली जाते. रविवारच्या शाळेत अडीच मिनिटांच्या भाषणांची प्रथा अनेक दशके होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक उपास करून येतात आणि ज्याला वाटेल तो उठून आपली श्रद्धा सांगतो. हा उपासाचा दिवस १८९६ पर्यंत गुरुवारी असे. या सभेत वक्त्यांची यादी नसते आणि संहिता नसते. कोणी रडतो, कोणी अडखळतो, कोणी ठरलेली वाक्ये पुन्हा म्हणतो, कोणी भरकटतो. ब्रिगम यंग यांना ज्या साध्या माणसाने वळवले त्याच्यासारखे बोलणे आजही येथेच ऐकू येते. त्याचा जवळजवळ काहीही भाग लिहून ठेवला जात नाही, म्हणून मॉर्मन वक्तृत्वावरील अभ्यासात महासभेची भाषणे भरपूर भेटतात आणि ही रविवारची साक्ष फारच थोडी, तीही मुख्यतः रोजनिशींतून आणि पत्रांतून.